नवी बॅटरी टाकली तरी महिन्या-दोन महिन्यांत तेच: मोबाइलची बॅटरी निवडताना नेमकं काय तपासायचं

तक्रार साधारण एकाच ठरावीक क्रमाने पुढे सरकते. फोन तीस टक्क्यांवर असताना अचानक बंद पडतो. बॅटरी बदलली जाते. तीन-चार आठवडे बरे जातात. मग चार्ज पुन्हा झपाट्याने उतरू लागतो, मागचं झाकण कडेने किंचित उचललेलं दिसतं, आणि तिसरी बॅटरी घ्यायची वेळ येते. दुकानदार म्हणतो फोन खराब आहे, फोनवाला म्हणतो बॅटरी डुप्लिकेट आहे. बऱ्याचदा खरं कारण तिसरंच असतं. फोन ज्या व्होल्टेजपर्यंत बॅटरी भरतो, ते व्होल्टेज झेपणारा सेल, म्हणजे चार्ज साठवणारा आतला मूळ भाग, त्या बॅटरीत नसतो.

त्याकडे वळण्याआधी दोष बॅटरीचाच आहे का, हे पाहून घ्या. उलगडा बऱ्याचदा इथेच होतो.

टक्के शिल्लक असताना फोन बंद पडतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश लावला किंवा कॉल आला की मान टाकतो, आणि चार्जरला लावताच पुन्हा पंचवीस-तीस टक्के दाखवतो. ही खरी म्हाताऱ्या बॅटरीची खूण. वापराने सेलचा अंतर्गत रोध वाढतो. चांगल्या बॅटरीत तो ०.१ ओहमच्या आतबाहेर असतो, थकलेल्या बॅटरीत ०.२ किंवा त्याहून जास्त होतो. फोनने क्षणभर दोन ॲम्पिअर ओढले की २ × ०.२ म्हणजे ०.४ व्होल्ट जागच्या जागी पडतात. तीस टक्क्यांवर सेलचं व्होल्टेज ३.७ च्या आसपास असतं, ते ३.३ वर येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. टक्केवारी खोटी नसते, पण तेवढा चार्ज जोर लावून बाहेर काढायची ताकद सेलमध्ये उरलेली नसते.

याउलट रात्रभर नुसता ठेवलेला फोन वीस-तीस टक्के उतरत असेल, तर बॅटरीवर लगेच बोट ठेवू नका. एक रात्र फ्लाइट मोडमध्ये ठेवून पाहा. उतार तीन-चार टक्क्यांवर आला तर दोषी एखादं ॲप किंवा कमजोर नेटवर्क आहे. फ्लाइट मोडमध्येही तसाच उतरत असेल तर फोन पूर्ण बंद करून रात्रभर ठेवा. बंद असतानाही उतरला तर बॅटरी किंवा बोर्डावरची गळती, यांपैकी काहीतरी आहे. कारागिराकडे डीसी सप्लाय असतो, म्हणजे बॅटरीच्या जागी वीज पुरवून फोन किती करंट ओढतो ते मीटरवर दाखवणारं यंत्र. बॅटरी काढून फोन त्यावर जोडला आणि बंद अवस्थेत मीटरवर शून्याऐवजी करंट दिसला, तर बोर्डावर शॉर्टिंग आहे. अशा फोनात कितीही बॅटऱ्या घातल्या तरी काही उपयोग होणार नाही. चार्ज भरायलाच फार वेळ लागत असेल तर आधी केबल बदला, मग लाकडी टूथपिकने चार्जिंग पोर्टमधला कचरा काढा. हे फुकटचं काम आहे आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

आधी व्होल्टेज, मग एमएएच

ग्राहक एमएएच, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा, विचारतो आणि विक्रेता एमएएच सांगतो. पण बॅटरी फुगवणारी गोष्ट लेबलवर दुसरीकडे लहान अक्षरांत छापलेली असते.

लिथियम-आयन सेलच्या लेबलवर दोन व्होल्टेज असतात. एक नॉमिनल, म्हणजे सरासरी कामाचं, आणि दुसरं चार्जिंगची कमाल मर्यादा. जुन्या पद्धतीच्या सेलची जोडी ३.७ आणि ४.२ अशी असते. पुढे ३.८ आणि ४.३५ आली, मग ३.८५ आणि ४.४. अलीकडच्या बऱ्याच फोनांत ३.८७ किंवा त्याच्या आसपास आणि ४.४५ पर्यंतची मर्यादा दिसते. फरक वाटतो ०.२ व्होल्टचा, पण सेलच्या रसायनाला तो फार जड जातो.

कुठपर्यंत भरायचं हे फोनमधली चार्जिंगची चिप आणि सॉफ्टवेअर ठरवतं. काही फोन बॅटरीतल्या चिपकडून ओळख विचारतात, पण स्वस्त बॅटरीतली चिप तीच ठरावीक ओळख सांगायला बसवलेली असते. फोन ४.४ व्होल्टसाठी बनलेला असेल तर तो समोरच्या सेललाही ४.४ पर्यंत रेटतो. आत ४.२ चा सेल असेल तर तो रोज रात्री आपल्या मर्यादेपलीकडे भरला जातो. आतला इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू बनतो आणि बॅटरी उशीसारखी फुगते. पहिले काही आठवडे बॅटरी जोरदार चाललेली वाटते आणि मग अचानक बसते, त्यामागे हेच असतं. बॅटरीच्या टोकावरच्या छोट्या सर्किटने, म्हणजे संरक्षण पट्टीने, हे थांबवायला हवं, पण ती ४.४ च्या हिशोबाने लावलेली असली तर तिच्या दृष्टीने सगळं ठीकच चाललेलं असतं.

उलट प्रकार, म्हणजे ४.२ पर्यंत भरणाऱ्या जुन्या फोनात ४.४ चा सेल, धोक्याचा नाही. बॅटरी फुगत नाही, फक्त पूर्ण भरत नाही आणि लेबलवरच्या एमएएचपेक्षा बरीच कमी चालते.

तुमचा फोन कुठपर्यंत भरतो, हे घरीच कळतं. बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारं एखादं ॲप घ्या, किंवा डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकून पाहा. काही फोनांत तिथे बॅटरीची माहिती उघडते. चार्जर लावलेला असताना शंभर टक्क्यांवर जो आकडा दिसेल तो लिहून ठेवा. ४.१८ ते ४.२ दिसलं तर फोन जुन्या पद्धतीचा आहे. ४.३५ किंवा ४.४ दिसलं तर नव्या बॅटरीच्या लेबलवरची मर्यादा तेवढी किंवा त्याहून जास्त हवी. लेबलवर मर्यादाच छापलेली नसेल, नुसतं ३.७ व्होल्ट असेल आणि तुमचा फोन ४.४ पर्यंत भरत असेल, तर ती बॅटरी घेऊ नका. किंमत कितीही कमी असली तरी.

एमएएचचा हिशोब

लेबलवर वॅट-अवर हा तिसरा आकडा असतो, आणि खोटं बहुधा तिथेच उघडं पडतं. नॉमिनल व्होल्टेजला ॲम्पिअर-अवरने गुणलं की वॅट-अवर मिळतात. ४,००० एमएएच म्हणजे ४ ॲम्पिअर-अवर, गुणिले ३.८५, म्हणजे १५.४ वॅट-अवर. एखाद्या बॅटरीवर ठळक अक्षरांत ६,००० एमएएच आणि खाली बारीक १५.४ वॅट-अवर, ३.८५ व्होल्ट असं छापलेलं असेल तर १५.४ भागिले ३.८५ करा. उत्तर चारच येतं. ठळक आकडा फक्त स्टिकरसाठी होता.

दुसरी परीक्षा आकाराची. बीएल-५सी ही बॅटरी आजही साध्या कीपॅडच्या फोनांत, रेडिओत, भजनाच्या डब्यांत सर्रास चालते. तिचं माप ढोबळमानाने ५३ × ३४ मिलिमीटर आणि जाडी साडेपाच-सहा मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दहा घनसेंटिमीटर. मूळ बॅटरीवर १,०२० एमएएच असतं, म्हणजे ३.८ वॅट-अवर. त्याच आकारात २,८०० एमएएच लिहिलेली बॅटरी बाजारात मिळते. तो आकडा खरा धरला तर लिटरमागे हजार वॅट-अवर ऊर्जा होते. आजच्या महागड्या फोनांतले सेलही तिथपर्यंत जात नाहीत. त्यामुळे नियम सोपा आहे. मूळ बॅटरीपेक्षा पाच-सात टक्के जास्त एमएएच सांगितले तर विचार करा, दहाच्या वर गेले तर नाकारा.

एक गोंधळ मात्र प्रामाणिक असतो. कंपन्या दोन आकडे देतात, किमान आणि सरासरी. फोनच्या खोक्यावर ४,१०० आणि बॅटरीवर ४,०००/४,१०० असं दोन्ही दिसलं तर त्यात फसवणूक नाही.

फोनच्या नावावर जाऊ नका

बॅटरी मागवताना फोनचं नाव सांगणं ही चुकीची बॅटरी हाती पडण्याची सगळ्यात सोपी वाट आहे. रेडमी नोट ४ घ्या. भारतात २०१७ साली विकला गेला तो स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा, त्याची बॅटरी बीएन४३. त्याच नावाचा मीडियाटेक प्रोसेसरचा फोन भारताबाहेर होता, त्याची बीएन४१. दोन्हींची क्षमता जवळपास सारखी, त्यामुळे यादीत दोन्ही ‘नोट ४ साठी’ म्हणून दिसतात. पुढच्या वर्षी गोंधळ आणखी वाढला. भारतात जो रेडमी नोट ५ होता तो इतर देशांत रेडमी ५ प्लस, बॅटरी बीएन४४. भारतातला नोट ५ प्रो वेगळा, त्याची बीएन४५. परदेशी विक्रेत्याकडून ‘नोट ५’ मागवलं तर बीएन४५ येण्याची शक्यता जास्त.

उलट एकच बॅटरी अनेक फोनांना चालते असंही असतं. सॅमसंगच्या ए२०, ए३० आणि ए५० या तिघांना ईबी-बीए५०५एबीयू हीच लागते. तुमच्या मॉडेलच्या नावाने मिळाली नाही तर कोडने शोधा, भावंडाच्या नावाखाली सापडते.

कोड जुन्या बॅटरीवरच छापलेला असतो. न निघणारी बॅटरी असेल तर आधी फोन उघडून कोडचा स्पष्ट फोटो काढा, मगच मागवा. फोटोत कनेक्टरची पट्टी कोणत्या बाजूने निघते आणि किती लांब आहे हेही येऊ द्या. पट्टी उलट्या बाजूची आली की ती मुरगळून बसवायचा मोह होतो, आणि मुरगळलेली पट्टी आतून तुटते किंवा तापते.

जलद चार्जिंगच्या काही फोनांत दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. वनप्लस ८टीमध्ये २,२५० एमएएचचे दोन सेल आहेत आणि जाहिरातीत ४,५०० लिहिलं जातं. अशा बॅटरीवर सुमारे ७.७ व्होल्ट आणि २,२५० एमएएच दिसलं तर घाबरू नका, वॅट-अवर जुळवून पाहा. ३.८५ व्होल्टची एकेरी बॅटरी मात्र तिथे चालणारच नाही, कनेक्टर बसला तरी.

कुठून घ्यायची

फोन पाच वर्षांच्या आतला असेल तर पहिला फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला करा. मजुरीसकट दर विचारा आणि बाजाराच्या दराशी तुलना करा. फरक पुष्कळदा वाटतो त्याहून कमी निघतो, आणि बसवताना स्क्रीन तडकली तर जबाबदारी त्यांची असते. जुन्या मॉडेलची बॅटरी तिथे मिळेनाशी झाली की मग मुंबईतला लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, पुण्यातली तपकीर गल्ली किंवा ऑनलाइन.

बाजारात ‘ओरिजिनल’ या शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली खरोखर कंपनीची. दुसरी कंपनीचं लेबल छापलेली कॉपी. तिसरी जुन्या फोनातून काढलेली, म्हणजे अस्सल पण वापरलेली. तिसरीच्या पाठीवर गोंदाचे डाग, लेबलच्या कोपऱ्यांना सुरकुत्या आणि कनेक्टरच्या सोनेरी टोकांवर ओरखडे दिसतात. यापेक्षा स्वतःच्या नावाने बॅटरी विकणारी, हमी लिहून देणारी कंपनी बरी. तिला निदान आपलं नाव जपायचं असतं.

भारतात विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हे मानक आणि आर- ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. क्रमांक बॅटरीऐवजी चार्जरचा निघाला, किंवा ॲपमध्ये सापडलाच नाही, तर वस्तू परत करा. क्रमांक खरा असूनही लेबल चोरलेलं असू शकतं, म्हणून ही तपासणी पहिली चाळणी म्हणून वापरा.

आयफोनचा मुद्दा वेगळा. एक्सएस आणि एक्सआरपासून पुढच्या मॉडेलांत बाहेरची बॅटरी टाकली की ती अस्सल असल्याची खात्री होत नाही असा संदेश येतो आणि बॅटरी हेल्थचा आकडा दिसत नाही किंवा त्यावर भरवसा राहत नाही. तो संदेश टाळायला काही कारागीर जुन्या बॅटरीची सर्किटची पट्टी काढून नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगने जोडतात. सेल चांगला आणि हात बसलेला असेल तर फोन चालतो. पण वेल्डिंग कच्चं राहिलं तर तो जोड तापतो, आणि तो सेलच्या डोक्यावरच असतो. नुसत्या संदेशासाठी हा धोका घेण्यासारखा नाही.

हातात आल्यावर, बसवण्याआधी

मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज मोजा. नवी बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवतात, म्हणून ३.७ ते ३.९ दिसायला हवं. ३.३ दिसलं तर माल बराच काळ पडून आहे. २.५ च्या खाली गेलेली बॅटरी चार्ज करून ‘जिवंत’ करू नका. फार खाली उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा भरताना नको तिथे जमून शॉर्ट करतं. लेबलवरची निर्मितीची तारीखही पाहा. लिथियम सेल पडून राहूनही म्हातारा होतो, म्हणून बंद पडलेल्या मॉडेलची दोन-तीन वर्षं जुनी ‘नवी’ बॅटरी घेताना हे लक्षात ठेवा.

बॅटरी सपाट टेबलावर ठेवून एका टोकाला बोटाने हलकं दाबा. डुगडुगली तर फुगायला सुरुवात झाली आहे.

जागेबाबत हयगय नको. नवी बॅटरी कप्प्यात सहज बसली पाहिजे, दाबून नाही. २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ च्या चौकशीत एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात इलेक्ट्रोड दबून वाकल्याचं निष्पन्न झालं होतं, आणि तेवढ्याने आग लागत होती. जाडी अर्धा मिलिमीटर जास्त निघाली आणि झाकण दाबून चिकटवलं, तर तोच प्रकार आपण हाताने करत असतो.

बसवताना

जुनी बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवून मगच फोन उघडा. कमी भरलेला सेल चुकून टोचला गेला तरी भडका लहान राहतो. फोन बंद करून बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी सोडवा, स्क्रीनची पट्टी त्यानंतर. बॅटरीखाली ओढायच्या चिकटपट्ट्या असतील तर त्या बॅटरीला समांतर, सावकाश ओढा. वर उचलून ओढलं की तुटतात. तुटलीच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब कडेने सोडून दोन मिनिटं थांबा, आणि प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने सरकवत सोडवा. स्क्रू ड्रायव्हर किंवा सुरी बॅटरीखाली घालायची नाही.

नवी बॅटरी आधी नुसती जोडून फोन चालू करा, चार्ज होतोय का पाहा आणि मगच झाकण चिकटवा. झाकणाची मूळ चिकटपट्टी पुन्हा पाणी रोखत नाही. नवी पट्टी लावा आणि तरीही फोन जलरोधक राहिला असं धरून चालू नका. कोकण-गोव्याच्या दमट, खारट हवेत अर्धवट चिकटलेल्या झाकणातून ओल शिरते आणि कनेक्टर हिरवा पडतो.

पहिल्या आठवड्यातली चाचणी

परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करा.

पहिली तापमानाची. स्वस्त बॅटरीत तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरच्या जागी साधा ठरावीक रेझिस्टर लावलेला असतो. फोनला बॅटरी कायम थंडच वाटते. ॲपमध्ये बॅटरीचं तापमान उघडा, वीस मिनिटं व्हिडिओ चित्रित करा आणि पुन्हा पाहा. फोन हाताला गरम लागतोय पण आकडा जागचा हलत नसेल, तर बॅटरी परत करा. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून फोन तापला की चार्जिंग आपोआप मंदावतं. विदर्भाच्या मे महिन्यात बाहेरची हवाच तेवढी तापलेली असते. तिथे हा पहारेकरीच आंधळा असला तर काय होईल ते उघड आहे.

दुसरी क्षमतेची. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा यूएसबी मीटर घ्या, साधा पाच व्होल्टचा चार्जर वापरा, फोन बंद पडेपर्यंत उतरवा आणि पूर्ण भरेपर्यंत फ्लाइट मोडमध्ये, स्क्रीन बंद ठेवून भरा. मीटरवरचे एमएएच पाहू नका, ते पाच व्होल्टच्या हिशोबातले असतात. वॅट-अवर पाहा. वाटेत दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, म्हणून १५.४ वॅट-अवरच्या खऱ्या बॅटरीसाठी मीटरवर १७ ते १८ दिसायला हवेत. १२.५ दिसले तर आत सुमारे ११, म्हणजे ४,००० ऐवजी २,८०० एमएएच आहेत. आकड्याचा फोटो जोडून केलेली तक्रार विक्रेत्याला सहज उडवून लावता येत नाही.

पहिल्या एक-दोन पूर्ण फेऱ्यांत टक्केवारी उड्या मारते, त्यावर लगेच निकाल देऊ नका. फोनचा टक्केवारी मोजणारा गेज नव्या सेलशी जुळवून घेत असतो. त्यानंतर रोज शून्यापर्यंत उतरवायची गरज नाही, उलट वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवलेली बॅटरी जास्त वर्षं चालते.

जास्तीची बॅटरी घेऊन ठेवायची असेल तर

निघणाऱ्या बॅटरीच्या फोनालाच याचा उपयोग. एकदम दोन-तीन घेऊन ठेवू नका, वापरायच्या आधीच त्या झिजतात. एक घ्या, अर्धी भरून ठेवा, घरातल्या थंड जागी प्लॅस्टिकच्या डबीत, नाणी-किल्ल्यांपासून दूर. तीन-चार महिन्यांनी व्होल्टेज पाहून पुन्हा अर्धी भरा आणि महिनाभर दोन्ही बॅटऱ्या आलटून-पालटून वापरा. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत ती ठेवायची नाही. विमानाने जाताना सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत ठेवा.

फुगलेली बॅटरी टोचून हवा काढण्याचे व्हिडिओ फिरत असतात. तसं कधीही करू नका, तो वायू ज्वलनशील असतो आणि टोचताना आत शॉर्ट होतो. चार्जिंग त्याच क्षणी थांबवा, फोन पलंग-गादीपासून दूर फरशीवर ठेवा, शक्य तितक्या लवकर बॅटरी काढून घ्या आणि कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटर किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. देताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि बॅटरी फुगलेली आहे हे तोंडाने सांगा, म्हणजे ते ती इतर बॅटऱ्यांच्या ढिगात टाकणार नाहीत.